कमरेखालचं सोनं

"तुम्हाला सोन्याचं इंजेक्शन देऊ," असं डॉक्टर म्हणाले अन् आमचे मालक खुर्चीतून अर्धे उठलेच. माझी दोन्ही मनगटं तेव्हा उकडलेल्या रताळ्यासारखी फुगलेली. बोटांच्या पेरांवर डॉक्टरांनी नुसता अंगठा टेकवला तर मी "माय गं!" म्हणून अशी ओरडले होते की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावून गेले. पण सोनं म्हणल्याबरोबर माझेही कान टवकारले. दुखणं कितीही असो, बाईला तेवढा शब्द ऐकू येतोच!

"खरं सोनं?" मालकांनी विचारलं.

"खरं. औषधात विरघळवलेलं. दर आठवड्याला एक सुई."

"अन् मग ते हिच्या आंगातच ऱ्हातं?"

"थोडं राहतं. थोडं लघवीवाटे निघून जातं."

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. "निघून जातं? सोनं?"

"आता गप बसा हो," मी म्हणलं, अन् डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. माझी खोडच आहे ती. आधी हातांचं सांगते, कारण सगळा खेळ हातांसाठीच होता.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी पाऊण तासावर. घरात सासूबाई, मालक, मी अन् लेकरं. शाळेत मी कधी गेले नाही, लिहायला वाचायला लेकरांच्या पाटीवरून शिकले. पण एका गोष्टीत पंचक्रोशीत माझा हात धरणारी नव्हती. आमच्याकडं लग्न ठरलं की बायका वळवट करायला बसतात. रव्याचं घट्ट पीठ भिजवायचं अन् नुसत्या बोटांनी त्याचे बारीक बारीक प्रकार वळायचे. कुणी बोटवे करतं, कुणी नखानं दाबून नखुले करतं, अन् सगळ्यात अवघड म्हणजे गव्हले, हुबेहूब गव्हाच्या दाण्याएवढे. चिमटीत पिठाची तार धरायची, अंगठा अन् पहिलं बोट एकदाच फिरवायचं, दोन्ही टोकं निमुळती, मधी फुगीर. दुसऱ्यांदा बोट फिरवलं की बिघडला. माझे गव्हले सुपात गव्हाशेजारी ठेवले तर निवडणारी फसायची! लग्न कुणाच्याही घरचं असो, पहिलं बोलावणं मला.

अन् तिशी नुकतीच उलटली असताना एका सकाळी माझी बोटं उघडेचनात. ऊन अंगणातून पार चुलीपर्यंत आलं तेव्हा कुठं सैल झाली. मला वाटलं रात्री हातावर निजले असेन. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मनगटं सुजली, मग गुडघे. भाकरी थापायला हात टेकवला की डोळ्यांतून टपटप पाणी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी निरगुडीचा पाला बांधला, एरंडेल पाजलं, गरम वाळूनं शेकलं. बिचाऱ्यांनी काही कमी केलं नाही.

मग कुणीतरी बाजारातली पुडी सांगितली. काय सांगू तुम्हाला! दोन दिवसांत मी टुणटुण चालायला लागले. महिन्याभरात तोंड पुरीसारखं टम्म झालं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "लय तब्येत सुधारली गं तुझी! काय खायलीस?" मी पण फुशारून जायची. पण पुडी संपली की दुखणं दुपटीनं परत. परभणीच्या या हाडाच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. "ही तब्येत नाही बाई, ही पुडीची सूज आहे. आणि एकदम बंद करू नका, मी सांगतो तशी हळूहळू कमी करायची."

तर त्या दिवशी सोन्याचं नाव काढल्यावर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. मालकांना नाही, मला! ते मला फार आवडलं.

"हा आमवात आहे," ते म्हणाले. "अंगातली पलटण आपल्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. सोन्यानं ती पलटण थंड होते."

"अन् सोनं न्हाई घेतलं तर?"

"दोन-चार वर्षांत बोटं वाकतील. वाकली की सरळ करायचं औषध माझ्याकडं नाही."

"अन् घेतलं तर?"

"अडीच-तीन महिने काहीच कळणार नाही. मग उतार पडेल. पडेलच असंही नाही."

"नुकसान काय?"

डॉक्टरांनी एकेक बोट दुमडून सांगितलं, "खाज सुटेल, अंगावर पुरळ येईल, तोंड येईल. आणि सगळ्यात वाईट, गुर्दे म्हणजे मूत्रपिंडं. गुर्द्यांना मार बसू शकतो, आणि तो आतल्या आत बसतो, दुखत नाही. म्हणून अधूनमधून लघवी तपासायची. जरा कुठं खाज सुटली तरी मला सांगायचं. लपवायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. पुढं मोडला, ते सांगतेच.

घरी आलो तेव्हा आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी आल्या आल्या सगळं भडाभडा सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "टोचणार कुठं?"

"कमरेखाली."

सूप थांबलं.

"सोनं? कमरेखाली? डोस्कं ठिकाणावर हाय का त्या डाक्टरचं?"

आता आमच्या पद्धतीत सोनं म्हणजे लक्ष्मी. ते गळ्यात घालायचं, कानात घालायचं, नाकात घालायचं. पायात मात्र चांदीच. घरात कितीही असू द्या, सोन्याची जोडवी कुणी घातलेली मी अजून पाहिली नाही.

"आवो आत्याबाई, ते दागिना न्हवं, औषध हाय."

"औषध असू दे न्हाईतर अमृत असू दे. सोनं ते सोनं. म्या येते तिकडं. बोलते त्याच्याशी."

अन् खरंच आल्या! सुईच्या दिवशी इरकली लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन माझ्याआधी स्टेशनात हजर. पॅसेंजरमध्ये शेजारणीला चुडाव्यापासून परभणीपर्यंत एकच सांगत राहिल्या, की सुनेला सोनं टोचायलेत पण जागा चुकवायलेत. मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसल्या अन् म्हणल्या, "दंडात टोचा."

"आजी, तिचे खांदे आधीच सुजलेत. दंडात दिलं तर हात वर होणार नाही."

"मग कानात टोचा. कान टोचलेलेच हायेत तिचे."

सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसायला लागली. डॉक्टरांनी मात्र हसू दाबलं. आत्याबाई काही वेडं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तोडगा हवा होता. त्यांनी थोडा विचार केला अन् पुढचं विचारलं, "टोचल्यावर सोनं कुणीकडं जातं? पायात का हातात?"

"रक्तातून सगळीकडं जातं. आपल्याला हातात हवंय."

"अन् टोचताना ही उभी ऱ्हाणार का निजणार?"

"पालथी निजणार," सिस्टर म्हणाली.

आत्याबाईंचा चेहरा असा उजळला! "मग झालं तर! निजल्यावर काय वर अन् काय खाली? डोस्कं, कंबर, पाय, समदं एका लायनीत. पर सुई काढल्याबरोबर उठायचं न्हाई बरं का सूनबाई. आधी सोनं वर सरकू दे."

"हे मात्र बरोबर सांगितलंत आजी," डॉक्टर म्हणाले. "या सुईनं कुणाकुणाला चक्कर येते. थोडा वेळ पडून राहायचंच असतं."

झालं! डॉक्टरांचं शास्त्र अन् आत्याबाईंचं शास्त्र जुळलं. सिस्टरनं शीशी फोडायच्या आधी मी ती खिडकीच्या उजेडात धरून बघितली. पिवळसर, पातळ, जरा उन्हात धरलेल्या पाण्यासारखं. आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून सिस्टर मला दर खेपेला सुई काढून विचारायची, "सरकलं का हो बाई सोनं?" अन् मी पालथ्या पालथ्याच म्हणायची, "निम्म्यात आलंय!"

गावात तर काय, नुसता गलका. बायका मुद्दाम बघायला यायच्या. "दाखव की गं, चमकायलंय का कुठं?" एक म्हातारी तर माझी नखं उलटीसुलटी करून गेली.

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची. आज कुठं मोर्चा, उद्या कुठं बंद. एसटी आगारातून निघायचीच नाही, कधी गाडी मधल्याच स्टेशनात उभी राहायची. माझ्या दोन सुया तशाच हुकल्या. मी स्टेशनात जाऊन परत यायची अन् वाटेनं हाताकडं बघत बघत यायची. दोन महिने झाले, अडीच झाले, हाताला काहीच फरक नाही. मालक म्हणायला लागले, "सगळं लघवीवाटेच जायलंय वाटतं."

अन् मग एका सकाळी! मी कणीक मळत होते. मळत होते म्हणजे मनगटानं ढकलत होते, बोटं कुठं वळायची. मळता मळता बघते तर चार बोटं पिठात रुतलेली. मी पीठ सोडलं, हात वर धरला अन् हळूच वळवला. वळला! बोटांची टोकं तळव्याला टेकली! किती दिवसांनी माझी नखं माझ्याच तळव्याला लागली होती. मी इतक्या जोरात ओरडले की मालक गोठ्यातून पळत आले, त्यांना वाटलं विंचू चावला.

"मूठ! मूठ वळली!"

त्यांनी त्यांचा अंगठा माझ्या मुठीत घातला. "आवळ."

मी आवळला.

"आणिक."

आणिक आवळला.

"सोड बाई, मोडतो आता!" म्हणून ते हसायला लागले. अन् हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. आत्याबाई आल्या, त्यांनी पण अंगठा घालून बघितला. लेकरांनी रांग लावली. त्या दिवशी आमच्या घरातला एकही अंगठा शाबूत राहिला नसेल!

नेमकं त्याच दिवसांत माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "वळवटाला तूच बसायचंस. तुझ्याबिगर म्या पीठ बी भिजवत न्हाई." मला तर आकाश ठेंगणं झालं. तीन वर्षं मी कुणाच्या वळवटाला हात लावला नव्हता. गेले तरी बाजूला बसून पान लावायची.

अन् तिथंच खाज सुटली.

पहिल्यांदा कमरेला, पातळाच्या गाठीपाशी. मग मांड्यांवर बारीक लाल पुरळ. मला लगेच कळलं. डॉक्टरांचं दुमडलेलं पहिलं बोट डोळ्यांपुढं आलं. पण आत्याबाईंनी मला खाजवताना बघितलं अन् त्यांचा चेहराच उतरला. "तरी म्या म्हणत होते. कमरेखाली गेलं ना सोनं! लक्ष्मीचा कोप हाय ह्यो." त्यांनी देवापुढं खण-नारळ ठेवला, मला सांजसकाळ हात जोडायला लावले.

आता खरं सांगते, खोटं कशाला बोलू. मी तो कोप मनापासून मान्य केला. कारण तो माझ्या सोयीचा होता! डॉक्टरांनी औषधाची खाज सांगा म्हणलं होतं. देवीची खाज सांगा असं कुठं म्हणलं होतं? ही देवीची, मग ती देवीपाशीच मिटवायची. मी मनाशी असा हिशोब घातला अन् दोन सुया गुपचूप टोचून घेतल्या. सिस्टर विचारायची, "काही त्रास?" मी म्हणायची, "बिल्कुल नाही." डॉक्टरांना सांगितलं तर ते सुई बंद करतील, मूठ परत उघडी पडेल, ही भीती. मी म्हणायची, फक्त वळवट होऊ दे, मग सांगते.

पण तिसऱ्या खेपेला आत्याबाई सोबत आल्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, "काय आजी, आता लक्ष्मी खूश आहे ना?"

"कसली खूश! कोपली की! सुनेच्या कमरेला खाजंनं रकत निघायलंय."

डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच राहिली. मी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, सून काय लपवायलीय!

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सिस्टरला खूण केली. माझी लघवी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वरचा भाग उकळायला लागला अन् बघता बघता त्यात पांढरा ढग आला, दूध नासल्यासारखा. सिस्टरनं त्यात आंबट औषधाचे दोन-तीन थेंब टाकले. ढग तसाच.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "गुर्द्यांतून प्रथिनं गळायला लागलीत. सुई बंद."

मला रडूच फुटलं. पण रडता रडता रागही आला. "आत्ताच तर मूठ वळायलीय, साहेब! तीन वर्षांनी वळायलीय! गुर्दे कुठं दिसतात कुणाला? हात दिसतात. मला हात पाहिजेत."

"बाई, गुर्दे गेले तर हात कुणाला वापरायचे?"

"अन् हात गेले तर मी जगून करू काय? चुलीपुढं बसून लोकांनी थापलेली भाकरी बघत बसू?"

आत्याबाई घाबरून एकदा त्यांच्याकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं. डॉक्टरांनी सुई बशीत ठेवली अन् खुर्ची पुढं ओढली.

"दोन्ही वाचवायचा प्रयत्न करू. पण माझ्याशी खोटं बोललात तर मला एकही वाचवता येणार नाही. आणि एक ऐका. सोनं बंद केलं म्हणजे उद्याच मूठ उघडत नाही. महिना-दोन महिने असर राहतो. तेवढ्यात गुर्दे सावरले तर बघू."

मी डोळे पुसले. "महिना नक्की राहील?"

"बहुतेक."

"मग पुढच्या बुधवारी वळवट हाय आमच्यात!"

डॉक्टर बघतच राहिले. आत्ता रडणारी बाई आत्ता हसायला लागली. पण मला सांगा, महिनाभराचे हात मिळाले होते मला! काल ते आहेत का नाहीत ते माहीत नव्हतं, आज महिनाभर नक्की.

गाडीत आत्याबाई म्हणल्या, "म्हंजी ती लक्ष्मी न्हवती?"

"न्हवती आत्याबाई. औषधाची खाज होती. मला मालूम होतं."

"अन् म्या नारळ ठेवला तवा तू गप ऱ्हायलीस?"

"ऱ्हायले."

"नालायक," म्हणल्या अन् माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. दुखलं, पण सोसलं. ती माझी मजुरी होती.

बुधवारी मी वळवटाला बसले ती सकाळी जेवण करून, ते दिवस मावळेपर्यंत. जाऊबाईंच्या माळवदावर, मातीच्या गच्चीवर, चादर अंथरलेली, मधी पीठ ओल्या फडक्यात, भोवती दहा-बारा बायका. मी चिमटीत तार धरली, अंगठा फिरवला. पहिला गव्हला बोदा, जाडसर झाला. दुसरा तुटला. तिसरा... तिसरा दाणा पडला! निमुळता, फुगीर, एकाच फिरवण्यात. मग काय, टपटप टपटप पडायला लागले. जाऊबाईंनी ओंजळीत घेतले अन् नवरीला हाक मारली, "बघ गं, काकूच्या हाताला सोन्याचा मुलामा हाय आता!" बायकांच्या हसण्यानं माळवद दणाणलं. खाज पुष्कळ कमी झाली होती, पण होती, अन् मी मधूनमधून कोपरानं कमरेला घासायची. कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं. दर गव्हल्यागणिक वाटायचं, की आतमधी काहीतरी गळायलंय अन् मी इथं हसायलेय.

लग्न पार पडलं. पुढच्या महिन्यात सकाळची बोटं परत कडक व्हायला लागली. आधी थोडी, मग जास्त. मी डॉक्टरांकडं गेले तेव्हा मूठ निम्मीच वळत होती. पण नळी स्वच्छ होती. अंगावर एक पुरळ नव्हतं.

"आता तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "परत सुरू केलं तर परत बिघडू शकतं. नाही केलं तर हात वाकतील."

मालक म्हणाले, "नगं. बायको पाहिजे मला, गव्हले नगं."

आत्याबाई म्हणाल्या, "हिला इचारा."

मी पहिल्यांदाच आयुष्यात असा विचार केला की माझ्या शरीराचा निवाडा मी करायलेय. घाई केली नाही. म्हणलं, "साहेब, आठवड्याला जास्त होतंय. कमी करून बघता येईल का? महिन्याला एक, अन् ती बी अर्धी?"

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "मी हेच सुचवणार होतो! पण दर सुईच्या आधी लघवी तपासायची. खाज सुटली तर त्याच दिवशी कळवायचं. ह्यात सूट नाही."

"अन् बंद असला तर? एसटी नसली, गाडी नसली तर मी लघवी घेऊन कुठं जाऊ?"

तेव्हा त्यांनी कपाटातून एक काचेची नळी काढली, अन् आंबट औषधाची बारीक शीशी. "शिकून घ्या. नळी तोंडापासून लांब धरायची. वरचा भाग तापवायचा. ढग आला तर तीन थेंब टाकायचे. ढग विरघळला तर काळजी नाही, तो नुसता खार असतो. राहिला तर सुई घ्यायची नाही, चालत का होईना पण इथं यायचं."

आमच्या घरात त्यावरून पुन्हा रामायण! आत्याबाईंनी जाहीर केलं, "माझ्या चुलीला तसलं कायबी लागू देणार न्हाई." शेवटी न्हाणीजवळ जुना घासलेटचा स्टो मांडला, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा नळीला लावला, अन् आमची प्रयोगशाळा सुरू झाली. ठरल्या दिवशी सकाळी सगळं घर भोवती गोळा व्हायचं. मालक नाक दाबून लांब उभे, पण मान पुढं. आत्याबाई तर अशा वाकून बघायच्या की त्यांचा पदर स्टोवर जाईल.

पुष्कळ वर्षं चाललं ते. डाव्या हाताची दोन बोटं शेवटी वाकलीच. सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही. मधी एकदा तोंड आलं तेव्हा दोन महिने सुई सोडावी लागली, अन् ते मी त्याच दिवशी परभणीला जाऊन सांगितलं. पण उजवा हात राहिला. गुर्दे राहिले.

एक सकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. आठ दिवसांचा बंद आदल्या दिवशीच उठला होता अन् मला सकाळच्या पॅसेंजरनं सुईला जायचं होतं. मी नळी धरली. पाणी उकळलं अन् वर पांढरा ढग आला. मालकांनी नाकावरचा हात काढला. मी शीशी उचलली. एक थेंब. ढग तसाच. दुसरा. तसाच. माझ्या मनात लगेच सुरू झालं, आज सुई नाही, महिनाभर नाही, सकाळी परत लाकडी बोटं. तिसरा थेंब टाकला अन् नळी जराशी हलवली. ढग कडेनं विरायला लागला. मग मधून. मग सगळं पाणी आरपार, स्टोची निळी ज्योत पलीकडून दिसायला लागली!

"निवळलं!" आत्याबाई एवढ्या ओरडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "निवळलं! निवळलं!"

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काय वो मावशी, तूप कढवायलाव का?"

"तूप न्हवं गं, सुनंचे गुर्दे!"

मी स्टो विझवला, नळी धुऊन उपडी घातली अन् गाडी चुकू नये म्हणून आत पळाले. पळाले म्हणते बरं का मी, चालत नाही गेले!